केत्साल पाहायचाय: मोन्तेवेर्दे की सान हेरार्दो? (सोबत ७४ वर्षांचे बाबा)

रानजाई
४ फेब्रुवारी, रात्री ९:१२

मंडळी, एका पक्ष्यासाठी आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास ठरवतेय, म्हणून हा धागा.

माझ्या बाबांना शाळेत असल्यापासून पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद. त्यांच्या वहीत ग्वाटेमालाचं एक तिकीट आहे, त्यावर केत्साल. शेपटी इतकी लांब की चौकटीत मावेना. बाबांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य आहे: "चित्रकाराने शेपटी वाढवलीय. एवढं लटांबर घेऊन पक्षी रानात उडेल कसा? फांद्यांत अडकेल." लहानपणापासून हे वाक्य मी ऐकत आलेय. आई गेल्यापासून त्यांचं कशात मन लागत नाही, त्या वहीत मात्र लागतं.

भाऊ अटलांटाला आहे. मार्चअखेर त्याच्याकडे जातोय, तिथून आठ दिवस कोस्टा रिका. मोन्तेवेर्देला जावं की सान हेरार्दो दे दोताला? बाबांचा डावा गुडघा दुखरा आहे. तासभर सपाटीवर चालतात, चढ नको. दोन्ही ठिकाणं करायची धावपळ नकोय. प्रत्यक्ष गेलेल्यांनी सांगा.

डोंगरवाट
४ फेब्रुवारी, रात्री ९:५०

सान हेरार्दो. दुसरा विचार करू नका.

सान होसेहून साधारण ९० किमी. हायवे सुमारे ३,००० मीटरपर्यंत चढतो, मग ८० किमीच्या खुणेपाशी एक फाटा फुटतो आणि ९ किमी तीव्र उताराने तुम्ही साव्हेग्रे नदीच्या काठी उतरता. गाव २,२०० मीटरच्या आसपास आहे. गुडघ्याच्या दृष्टीने सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे इथे पक्षी रस्त्याकडेच्या झाडांवर दिसतो. पहाटे साडेपाचला लोक रस्त्यात उभे राहून वर बघत असतात.

मार्च-एप्रिल म्हणजे ऐन विणीचा हंगाम, वेळ अगदी बरोबर साधलीय. थंडी मात्र कडक असते. स्वेटर, कानटोपी, पायमोजे घ्या. एकदम एवढ्या उंचीवर जाणार आहात, तर बाबांच्या डॉक्टरांना आधी विचारा. आणि अमेरिकेचा व्हिसा असला तरी कोस्टा रिकाचे नियम त्यांच्या वकिलातीकडून आधी नक्की करून घ्या.

चिंचेची_सावली
४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

वाखूसा (वाचनखूण साठवली). बाबांना नमस्कार सांगा.

मीरा_ह्यूस्टन
५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मी मोन्तेवेर्देला गेले होते, त्यामुळे दुसरी बाजू मांडते.

तिथलं धुकं मी विसरूच शकत नाही. पाऊस पडत नसतो, तरी झाडं ठिबकत असतात. प्रत्येक फांदीवर शेवाळ, शेवाळावर ऑर्किड, ऑर्किडच्या मुळांशी आणखी एखादं इवलं झाड. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामाहून क्वेकर पंथाची काही कुटुंबं तिथे आली. सक्तीची लष्करभरती त्यांच्या धर्मात बसत नव्हती आणि कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्यच मोडीत काढलं होतं. त्यांनी गाई पाळल्या, चीज केलं, पण डोंगरमाथ्यावरचं जंगल झऱ्यांच्या पाण्यासाठी राखून ठेवलं. आपल्याकडच्या देवराया डोळ्यासमोर आल्या. पुढे १९७२ मध्ये तिथे अभयारण्य झालं.

पण केत्साल? तीन दिवस आम्ही पायवाटा तुडवल्या, एकही दिसला नाही. मान मोडून आली. चौथ्या दिवशी गाईड म्हणाला, पक्षी शोधू नका, झाड शोधा. त्याने आम्हाला एका आग्वाकातिल्योच्या झाडाखाली उभं केलं. म्हणजे रानटी अवोकॅडो. फळ लहान, बोराहून थोडं मोठं, बुडाशी लालसर वाटी. खाली बियांचा सडा पडलेला. वीस मिनिटांत वरून 'टप्' करून एक बी माझ्या टोपीवर पडली. वर पाहिलं तर तो! आल्यापासून तिथेच बसून होता, आम्हाला दिसला नव्हता. एवढा भडक पक्षी, पण हिरवी पाठ आपल्याकडे करून बसला की पानांत विरघळून जातो.

तेव्हा रानजाई, गाव कुठलंही निवड, गाईडला पहिला प्रश्न हा विचार: सध्या कुठलं झाड फळलंय?

रानजाई
५ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

मीरा, हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं: "झाड शोधणे."

भाषांगण
५ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

थोडं अवांतर, पण धाग्याच्या नावात उच्चार अचूक लिहिलाय म्हणून राहवलं नाही. मी स्पॅनिश शिकवते. आपल्याकडे 'क्वेट्झल', 'क्वेझाल' असं काहीही छापलेलं दिसतं. स्पॅनिशमध्ये तो केत्साल, जोर शेवटी. मूळ शब्द नाउआत्ल भाषेतला, म्हणजे मेक्सिकोतल्या जुन्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या: केत्साल्ली. लांब हिरवं पीस, आणि त्यावरूनच 'मौल्यवान' असाही अर्थ. केत्साल्कोआत्ल या देवाच्या नावात हाच शब्द आहे, पुढचा कोआत्ल म्हणजे साप. पिसांचा सर्प.

ग्वाटेमालात तर हा शब्द दिवसभर कानावर पडतो. १९२४-२५ मध्ये तिथे पेसो जाऊन केत्साल हे चलन आलं. भाजीवाली पाच केत्साल मागते. १८७१ पासून तो त्यांच्या झेंड्यावरही आहे.

आण्णा_सांगली
५ फेब्रुवारी, दुपारी १२:०२

म्हणजे तिथे खिशात पक्षी घेऊन बाजारात जायचं आणि पिशवीत कोथिंबीर घेऊन यायचं. झकास!

तिकीटवही
५ फेब्रुवारी, दुपारी १:२०

बाबांना सांगा, ग्वाटेमालाच्या तिकिटांवर केत्साल १८७९ मध्येच आला. १८८१ च्या मालिकेतल्या काही तिकिटांवर तो चुकून उलटा छापला गेला. आम्हा संग्राहकांत त्या उलट्या केत्सालाचं मोल फार मोठं. त्यांच्या तिकिटावरचा सरळ आहे ना? भिंग घेऊन बघायला सांगा!

रानजाई
५ फेब्रुवारी, रात्री ८:४४

भिंग काढलं, घरभर प्रकाश केला. सरळ आहे. पण बाबा तासभर हसत होते. कितीतरी दिवसांनी. तिकीटवही, मनापासून आभार.

डोंगरवाट
५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

शेपटीच्या शंकेबद्दल बाबांसाठी थोडी माहिती. चित्रकार खोटं बोललेला नाही. नराचं अंग जेमतेम ३६ ते ४० सेंमी, म्हणजे कबुतरापेक्षा थोडं मोठं, वजन २०० ग्रॅमच्या आसपास. त्याच्या मागे आणखी ६५ सेंमीपर्यंत लांबीची पिसं लोंबतात, कधी त्याहूनही लांब. ही खरी शेपटी नव्हे. मोराचा पिसारा जसा शेपटीवरच्या आच्छादक पिसांचा असतो, तसंच इथे. विणीचा हंगाम संपला की ती गळतात आणि नवी येतात. मादीला ही लांब पिसं नसतात.

मग अडकत कशी नाहीत? नर फांदीवरून उडताना पुढे झेप घेत नाही. पाठीमागे, हवेत खाली घसरल्यासारखा सुटतो आणि मग वळतो. पिसं फांदीवर घासू नयेत म्हणून. हे एकदा पाहिलं की माणूस जन्मभर विसरत नाही.

हिरवा रंगही मोरासारखाच. पिसात हिरवं रंगद्रव्य नाही. आतल्या अतिसूक्ष्म थरांवर उजेड पडून तो रंग तयार होतो. उजेड कुठून येतो त्यावर पीस कधी पाचूसारखं, कधी निळं, कधी सोनेरी दिसतं, आणि पाठीमागून उजेड असला तर चक्क तपकिरी. पोटाचा लाल मात्र खरा रंग आहे.

हिरण्यकेशी
६ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

सगळ्यांचा मान राखून सांगतोय. माका सांगा, हय आमच्या आंबोलीत कर्णो आसा, तो बघूक कोण येना नाय. आणि तुम्ही सातासमुद्रापलीकडे निघालात!

कर्णा म्हणजे मलबारी ट्रोगन. केत्सालच्याच कुळातला, चुलत भाऊ म्हणा. नराचं डोकं काळं, छातीवर पांढरी पट्टी, पोट गुलाबी-लाल. तिलारीला आहे, आंबोलीत आहे, गोव्यात मोलेच्या जंगलात आहे, पलीकडे दांडेलीलाही. सवयसुद्धा तीच. चाहूल लागली की पाठ फिरवतो आणि लाल पोट लपवतो. तुम्ही त्याच्यापासून दहा हातांवर उभे असता आणि तो तुम्हाला दिसत नाही.

एका विमानप्रवासात जेवढं इंधन जळतं, ते बघता आधी घरचा पक्षी पाहावा असं माझं मत. राग मानू नये.

कॅमेऱ्यामागे
६ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

हिरण्यकेशींशी सहमत आणि असहमत. कर्णा पाहायलाच हवा. पण ७४ वर्षांच्या माणसाची साठ वर्षांची इच्छा इंधनाच्या हिशोबात मोजू नये. आपण वर्षभर लग्नकार्यांना विमानाने जातोच की.

हिरण्यकेशी
६ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

पटलं. शब्द मागे घेत नाही, पण काकांना त्यातून वगळतो. काका, तुम्ही खुशाल जावा.

रानजाई
६ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

राग नाही आला. उलट बाबांनी विचारलंय, कर्णा कोणत्या महिन्यात दिसतो, आणि तो काय खातो? त्यालाही अवोकॅडो लागतो का?

हिरण्यकेशी
६ फेब्रुवारी, दुपारी १:१५

कर्ण्याचं मुख्य खाणं किडे: नाकतोडे, सुरवंट असं. केत्सालसुद्धा पिल्लांना सुरुवातीला किडे, पाली, छोटे बेडूक भरवतो, पण मोठेपणी त्याचा सगळा जीव फळांत.

घरट्याची गोष्ट मात्र दोघांची एक आहे. चोच सुतारासारखी कणखर नसल्याने दोघांनाही कुजलेला, मऊ झालेला बुंधा लागतो. आमच्याकडे एका मालकाने 'रान साफ' करताना असे दोन बुंधे तोडून सरपणाला नेले. त्यातल्या एकात कर्ण्याचं घरटं होतं. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. जोडी समोरच्या फांदीवर बसून होती, तासभर त्याच जागेकडे बघत. लोकांना वाळकं झाड म्हणजे कचरा वाटतो, पण या पक्ष्यांचं घर तेच.

हंगाम: फेब्रुवारी ते मे. पाऊस लागायच्या आत या.

मीरा_ह्यूस्टन
६ फेब्रुवारी, रात्री ८:००

हिरण्यकेशी, वाचून गलबलून आलं.

केत्सालची दोन फिकट निळी अंडी असतात, १७ ते १९ दिवस उबवावी लागतात. दिवसा बहुतेक वेळ नर बसतो, रात्री मादी. नराची ती लांब पिसं ढोलीत मावत नाहीत, तोंडातून बाहेर लोंबतात. लांबून वाटतं, बुंध्यातून नेचे उगवलेत.

अभियंता_७१
६ फेब्रुवारी, रात्री ९:२०

मेक्सिकोत चिचेन इत्साला गेलो होतो. पिरॅमिडच्या पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवली की प्रतिध्वनी 'च्यूऊऊ' असा उतरत्या सुरात येतो, हुबेहूब केत्सालच्या हाकेसारखा. माया लोकांनी हे मुद्दाम साधलं, असं गाईडने सांगितलं. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण झाली.

डोंगरवाट
६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

तो प्रतिध्वनी खरा आहे. डेव्हिड लुबमन या ध्वनितज्ज्ञाने १९९८ मध्ये त्यावर मांडणी केली होती. पण मुद्दाम साधलाय हे मला पटत नाही. लांबच लांब अरुंद पायऱ्या असल्या की वरच्या पायरीवरून आवाज उशिरा परततो, अंतर वाढत जातं तसा सूर उतरतो. भौतिकशास्त्राने तो तसाच येणार.

आणि मुळात युकातानच्या त्या सपाट, उष्ण मुलखात केत्साल राहतच नाही. तो ढगांच्या जंगलातला: मेक्सिकोचा चियापास, ग्वाटेमाला, तिथून खाली पश्चिम पनामापर्यंत. चिचेन इत्सापर्यंत पोचायची ती पिसं, व्यापारातून.

अभियंता_७१
६ फेब्रुवारी, रात्री १०:२५

पायऱ्यांचं गणित मान्य. पण ऐकणाऱ्याला तो आवाज केत्सालचाच वाटला असेल, तर बांधणाऱ्यांनी पुढच्या वेळी तो टिकवला असेल, एवढी शक्यता ठेवा.

डोंगरवाट
६ फेब्रुवारी, रात्री १०:३१

ठेवली.

भाषांगण
७ फेब्रुवारी, सकाळी १०:००

पिसांच्या व्यापारावरून आठवलं. व्हिएन्नाच्या संग्रहालयात शेकडो केत्साल-पिसांचा एक शिरोभूषणाचा मुकुट आहे, अ‍ॅझ्टेक सम्राट मोक्तेसुमाच्या नावाने ओळखला जातो. मेक्सिको तो परत मागतंय. मेक्सिको सिटीत त्याची प्रतिकृती ठेवलीय.

आणखी एक दंतकथा ग्वाटेमालातली. १५२४ मध्ये पेद्रो दे आल्वारादोच्या स्पॅनिश फौजेशी लढताना किचे माया सरदार तेकुन उमान पडला. त्याचा सखा केत्साल त्याच्या छातीवर येऊन बसला, रक्ताने छाती माखली, तेव्हापासून तो लाल. ऐकताना आपल्या जटायूची आठवण होतेच.

मसालेवाला_वाशी
७ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

मी पक्षीवाला नाही. वेलचीच्या धंद्यात तिसरी पिढी. पण ग्वाटेमालाचं नाव रोज तोंडात असतं, म्हणून हा धागा उघडला आणि शेवटपर्यंत वाचला.

आमच्या बाजारात 'ग्वाटेमाला माल' म्हणजे वेलची. आज जगात सगळ्यात जास्त वेलची तिथून निर्यात होते, आपल्याकडून नव्हे. आणि मूळ रोप कुठलं? आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचं. १९१४ च्या सुमारास एका जर्मन मळेवाल्याने ते तिकडे नेऊन लावलं. तिला काय हवं? दमट हवा, डोंगरउतार, डोक्यावर सावली. ते सगळं आल्ता बेरापास भागात होतं, कोबान शहराच्या आसपास.

आता कळतंय की तेच केत्सालचं रान. वेलची लावताना मोठी सावलीची झाडं ठेवतात, खालचं रान काढून टाकतात, आणि ओला माल भट्टीत सुकवायला लाकूड जाळतात. भट्टीत कुठलं लाकूड जातं, हे आम्ही इथे बसून कधी विचारलंच नव्हतं. काल संध्याकाळी नमुन्याची पुडी फोडून दाणे तळहातावर घेतले. बोटाच्या पेराएवढी हिरवी बोंडं. बराच वेळ बघत बसलो.

आमच्याशी व्यवहार करणाऱ्या तिकडच्या माणसाला मी संदेश पाठवलाय: भट्टीला लाकूड कुठून येतं ते कळवा. उत्तर आलं की इथे लिहितो.

हिरण्यकेशी
७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:३०

दादा, तुमच्या या प्रतिसादाने धाग्याचं सोनं केलंत. कर्ण्याच्या रानातली वेलची केत्सालच्या रानात गेली. माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चिंचेची_सावली
७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:५०

+१. आणि अवोकॅडो हा आपल्या तमालपत्र-दालचिनीच्या कुळातला. महाबळेश्वरचा पिसा पण त्यातलाच. म्हणजे केत्साल जी फळं गिळतो, ती आपल्या मसाल्याच्या डब्याची नातलगच.

कॅमेऱ्यामागे
८ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

रानजाई, फोटो काढणार असाल तर घरट्याच्या समोरची जागा मिळवा. नर-मादीची पाळी बदलताना उत्तम फ्रेम मिळते. गाईडला थोडे जास्त पैसे दिले की नेतात.

डोंगरवाट
८ फेब्रुवारी, सकाळी ८:५५

कृपा करून हे करू नका. घरट्यासमोर माणसांची गर्दी उभी राहिली की पाळी बदलायला आलेला पक्षी ढोलीत शिरत नाही. अंडी थंड पडतात. वर आसपास टपून बसलेल्या टूकानला (मोठ्या चोचीचा पक्षी) कळतं की इथे काहीतरी आहे. हिरवा छोटा टूकान पिल्लं पळवतो. एका सहलीत आमच्याच गटातल्या दोघांनी मोबाईलवर केत्सालची हाक वाजवली. नर तीनदा घरटं सोडून आला. मी भांडलो, त्यांच्याशी बोलणं कायमचं तुटलं, आणि त्याचं मला दुःख नाही.

कॅमेऱ्यामागे
८ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

हाक वाजवणाऱ्यांच्या रांगेत मला बसवू नका. मी चाळीस मीटरांवरून, मोठ्या लेन्सने, झाडाआडून काढतो.

डोंगरवाट
८ फेब्रुवारी, सकाळी ९:४२

तुम्ही चाळीस मीटरांवर थांबता, मान्य. तुमचा फोटो पाहून जे येतात ते दहावर जातात.

कॅमेऱ्यामागे
८ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

अडीच तास विचार केला. बरोबर आहे. रानजाई, माझा वरचा सल्ला विसरा. फळलेल्या झाडाशी काढा, तिथे तो स्वतःहून येतो.

मीरा_ह्यूस्टन
८ फेब्रुवारी, रात्री ९:००

टूकानवरून एक. मोन्तेवेर्देत संशोधकांनी १९९९ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिलं होतं की खालच्या, उबदार उतारांवरचे मोठ्या रंगीत चोचीचे टूकान वर चढून आलेत आणि केत्सालच्याच परिसरात वीण करू लागलेत. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून कोरड्या हंगामातले बिनधुक्याचे दिवस वाढत गेलेत. तिथला सोनेरी बेडूक १९८९ नंतर कुणाला दिसलेला नाही.

माझ्या मनात प्रश्न असा येतो: ढगच वर सरकला तर डोंगर संपल्यावर पक्षी कुठे जाणार? म्हणून मला वाटतं, माथ्यावरचं जंगल कुंपण घालून राखायलाच हवं. तिथे तो सुरक्षित राहील.

डोंगरवाट
८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

इथे थोडं थांबवतो. माथा राखून भागत नाही. मोन्तेवेर्देत केत्सालच्या अंगावर छोटे रेडिओ लावून अभ्यास झाला. वीण संपली की ते डोंगरावर राहतच नाहीत. आधी पॅसिफिककडच्या उताराला खाली जातात, मग धार ओलांडून कॅरिबियनच्या बाजूला, आणि वर्षाच्या सुरुवातीला परत वर. प्रत्येक उंचीवर रानअवोकॅडोच्या वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या महिन्यांत फळतात, आणि पक्षी फळांमागे फिरतो. अभयारण्य माथ्यावर, खालचे उतार गाईंच्या कुरणाखाली. म्हणजे वर्षातले कित्येक महिने तो राखीव रानाबाहेर असतो.

म्हणून तिथे पुढची धडपड खालच्या उतारांसाठी झाली. १९८७ मध्ये स्वीडनच्या एका खेड्यातल्या शाळेतल्या चिमुरड्यांनी पैसे जमवून तिथली थोडी जमीन विकत घेतली. मग देशोदेशीची मुलं त्यात आली. आज ते 'मुलांचं चिरंतन रान' २२ हजार हेक्टरांच्या वर आहे.

चिंचेची_सावली
८ फेब्रुवारी, रात्री १०:१०

शाळेतल्या मुलांनी! माझ्या वर्गात उद्या हेच सांगणार. शिवाय केत्साल बिया टाकत फिरतो म्हणजे तोच जंगल लावतो, हेही.

मीरा_ह्यूस्टन
८ फेब्रुवारी, रात्री १०:३५

सांग, पण थोडं जपून. तो बी सहसा बसल्या जागी, त्याच फांदीखाली गाळतो, गच्च सावलीत. तिथेच राहणारा घंटापक्षी उघडीपीच्या कडेला, वाळक्या शेंड्यावर बसून ओरडतो, त्याच्या बिया उजेडात पडतात. एका रानअवोकॅडोच्या बाबतीत अभ्यासात दिसलं की घंटापक्ष्याने टाकलेल्या बियांची रोपं जास्त जगतात. रान एकट्याने लागत नाही.

आण्णा_सांगली
९ फेब्रुवारी, सकाळी ७:००

आपला राज्यपक्षी हरियल पण फळखाऊच. त्याच्यावर पण असा एक धागा काढा की कुणीतरी.

रानजाई
९ एप्रिल, रात्री १०:२०

मंडळी, आलो. दोन महिने धागा थांबला होता, आता राहिलेलं लिहिते.

सान हेरार्दोलाच गेलो. पहिल्या पहाटे दाट धुकं, काही दिसेना. हात गारठले. बाबा म्हणाले, "वहीतलं तिकीट बरं होतं, घरात बसून दिसायचं." मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी गाईडला मीराचा प्रश्न विचारला. तो खूश झाला आणि आम्हाला एका शेतकऱ्याच्या कुरणाकडेला घेऊन गेला. तिथे एकच रानअवोकॅडो उभा. शेतकऱ्याने कुंपणाशी खुर्ची आणून दिली. बाबा खुर्चीत, मी शेजारी, दुर्बीण मांडीवर.

सहा वाजून दहा मिनिटांनी दोन सुरांची मऊ हाक आली. मग तो आला. उडत फळापाशी जाऊन, न थांबता चोचीने तोडलं आणि फांदीवर बसला. अख्खं फळ गिळलं. गळा फुगलेला स्पष्ट दिसत होता. बसून राहिला, पाऊण तास. वाऱ्याची झुळूक आली की ती दोन पिसं नुसती हलायची. बाबा काही बोलले नाहीत. दुर्बीण खाली ठेवून डोळ्यांनीच बघत होते.

मग त्याने मान ताणली, तोंड उघडलं, आणि बी खाली पडली. खुर्चीपासून चार पावलांवर. बाबा उठून गेले आणि ती उचलून तळहातावर घेतली. अजून ओली होती. घरी आणावीशी वाटली त्यांना, पण स्वतःच म्हणाले, "नको, हिची जागा इथे आहे," आणि कुंपणापलीकडे, जरा उजेडात, बोटाने माती उकरून पुरली.

त्याच वेळी तो उडाला. डोंगरवाट, तुम्ही लिहिलं होतंत तसाच: मागच्या मागे, घसरल्यासारखा. पिसं फांदीला शिवलीसुद्धा नाहीत. बाबा मातीचे हात तसेच धरून वर बघत म्हणाले, "चित्रकाराने कमीच काढलीय गं."

डोंगरवाट
९ एप्रिल, रात्री १०:४०

बी उजेडात पुरली! काकांना दंडवत.

मसालेवाला_वाशी
१० एप्रिल, सकाळी ११:१५

ताई, फार समाधान वाटलं. माझ्याकडचं उत्तर असं आलंय: त्याच्या गावात बहुतेक भट्ट्या लाकडावरच, त्यातलं काही स्वतःच्या मळ्यातल्या छाटणीचं, काही विकतचं. विकतचं कुठून, ते त्याने लिहिलेलं नाही. मी परत विचारलंय. छाटणीवर सुकवलेला माल वेगळा काढून देणार असेल तर दोन पैसे जास्त द्यायची माझी तयारी आहे, हेही कळवलंय.

हिरण्यकेशी
१० एप्रिल, दुपारी १:००

काका, आता मे उजाडायच्या आत आंबोलीक येवा. एक बुंधा यंदा राखून ठेवलाय, मालकाशी बोलून. जोडी येऊन बघून गेली आहे. घरट्याजवळ नेणार नाही, लांबून दाखवीन. चढ नाही, गाडी जवळपर्यंत जाते.

रानजाई
१० एप्रिल, दुपारी १:२५

बाबांनी २६ एप्रिलची कोल्हापूरची गाडी बघायला सांगितलीय. तिथून पुढे आंबोलीला एसटी किती वाजता असते? आणि खुर्ची आणू का, की तिथे मिळेल?

हिरण्यकेशी
१० एप्रिल, दुपारी १:२८

खुर्ची आमची. एसटीची वेळ स्टँडवर विचारून रात्री लिहितो.